चाळिसाव्या दिवसाची सुरमई

मारिसेलने सुरमईच्या तुकड्यांवर वाटीभर व्हिनेगर ओतलं, दोन्ही हातांनी तुकडे हलकेच दाबले आणि गढूळ झालेलं ते पाणी सिंकमध्ये सोडून दिलं. स्वयंपाकघरभर आंबट वास सुटला. धम्मशीला दारातच थबकली. हॅरोपासून कॉव्हेंट्रीपर्यंत दोन तास गाडी चालवून आलेली, खांद्यावरची पर्स अजून उतरवलेली नव्हती, हातात स्टीलचा डबा, आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर हे! तिचं डोकंच फिरलं.

"हे आज कशाला काढलंयस?"

"गुड मॉर्निंग, ताई," मारिसेल म्हणाली. मान वर न करता तिने बाटली पुन्हा उघडली. "पहिलं व्हिनेगर फक्त धुवायला. त्याच्यात रक्त जातं, वास जातो. आता दुसरं, ते राहतं."

"मी रेसिपी विचारली नाही."

"मला माहितीये."

राजेंद्रला जाऊन आज चाळीस दिवस झाले होते. धम्मशीलाचा पाठचा भाऊ तो, छप्पन्न वर्षांचा, रक्ताच्या कॅन्सरची दुसरी केमो चालू असताना ताप काय येतो आणि दोन दिवसांत माणूस काय जातो! मारिसेल त्याची चोवीस वर्षांची बायको. फिलिपिन्सची, इथे इंग्लंडला नर्स म्हणून आलेली, आणि मराठी बोलायला शिकली ती सासूबरोबर भाज्या निवडता निवडता. तिच्या गावाकडे चाळिसाव्या दिवशी गेलेला माणूस घराचा शेवटचा निरोप घेतो म्हणतात. त्या दिवशी त्याच्या आवडीचं करायचं आणि त्याच्या फोटोपुढे ताट ठेवायचं. तेवढ्यासाठी सगळ्यांत धाकट्या भावाने, प्रज्ञेशने, मेडनहेडला बसून फोनाफोनी करून तोड काढली होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही चाळिसाव्याच दिवशी, शनिवारी दुपारी बाराला. दोन्हीकडचं एकदमच, म्हणजे लोकांना दोनदा एम-सिक्स हायवेवर अडकायला नको.

प्रज्ञेशची ही जुनी खोड. भांडण मिटवायचं नाही, त्याचं टाइमटेबल लावायचं.

"प्रज्ञेश!" धम्मशीलाने बाहेरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. तो फोल्डिंगच्या खुर्च्या मांडता मांडता आला. "तू मला ताट म्हणालास. हे म्हणाला नव्हतास."

"ताई, आवडीचं म्हणजे हेच ना. दादा कुठे गेला तरी किनिलावच मागायचा, हा व्हिनेगरमधला कच्चा मासा. त्याला काय, सुरमईच आहे. सुरमई तर आपण पण खातो."

"आपण शिजवून खातो. आणि ताटाचं म्हणशील तर मला ताटसुद्धा मान्य नव्हतं. मेलेल्या माणसाला जेवण वाढायचं म्हणजे श्राद्धच झालं ना? बाबांनी याच कॉव्हेंट्रीत फाउंड्रीत घाम गाळून विहाराची खोली उभी केली. त्यांच्या मुलाच्या फोटोपुढे श्राद्ध? बावीस प्रतिज्ञा काय भिंतीवर टांगायला आहेत?"

धम्मशीला अशीच बोलायची, समोर एकच माणूस असला तरी सभा असल्यासारखी. एकतीस वर्षं हॅरो कौन्सिलच्या हाउसिंग खात्यात घालवली, लग्न केलं नाही, विहाराच्या कमिटीचं सेक्रेटरीपद कुणाला मिळू दिलं नाही. तिच्या नावाने लोक टरकायचे आणि अडचणीत पहिला फोनही तिलाच करायचे. तिला दोन्हीची सवय झाली होती.

मागच्या दाराशी खुर्चीत त्यांची आई, सिंधुबाई, लसूण सोलत बसली होती. त्र्याऐंशी वर्षांची. राजेंद्रच्या आजारपणात शेवटचे तीन महिने ती याच घरात होती. तो गेल्यावर पाचव्या दिवशी धम्मशीला तिला हॅरोला घेऊन गेली होती आणि आज बरोबर आणून, आधी तिला दाराशी उतरवून मग गाडी लावायला गेली होती. म्हातारीने गाडीत दोन तासांत तोंड उघडलं नव्हतं. आताही ती लसणाकडेच बघत होती.

"ताई, तो डबा इकडे दे," प्रज्ञेशने विषय बदलायला हात पुढे केला. "काय आणलंस?"

"घोळाणा. त्याच्या आवडीचा."

मेथीचा घोळाणा. कोवळी मेथी, बारीक कांदा, दाण्याचं कूट, मीठ, वरून कच्चं तेल, की झालं. मेथी धम्मशीलाच्या स्वतःच्या अलॉटमेंटमधली, कौन्सिलकडून भाड्याने घेतलेल्या वाफ्यांतली. लहानपणी आई परातीत कालवायची आणि तिघं भावंडं भाकरी घेऊन भोवती बसायची, त्यात राजेंद्र सगळ्यात हावरट. मारिसेलने त्या डब्याकडे एकदा पाहिलं. मग ती आल्याच्या बारीक काड्या करायला लागली.

तिचे हात मात्र थांबत नव्हते. आलं, लाल कांदा, लवंगी मिरच्या, मीठ. नारळाचं व्हिनेगर तिने मोजलं नाही, बाटलीच तिरकी धरली. काचेच्या भांड्यात तुकडे बघता बघता कडेने पांढरे व्हायला लागले, गॅस न पेटवताच शिजल्यासारखे. मासा तिने नर्सच्या शिस्तीने त्यातले कृमी मरावेत म्हणून आधी आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवला होता, तसं तिने प्रज्ञेशला सांगितलंही. शेवटी नारळाचं दूध घालायचं होतं, पण ते वाढायच्या आधी.

धम्मशीलाला ते पांढरं होणं बघवेना.

खरं दुखणं ताटाचं नव्हतंच. खरं दुखणं हे, की राजेंद्र गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने फोन हातात घेतला होता आणि हॅरोपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत आपल्या लोकांचं एक घर सोडलं नव्हतं. सगळीकडे एकच वाक्य. 'केमो चालू असताना तिने त्याला कच्चा मासा खाऊ घातला हो. बुधवारी खाल्ला, शनिवारी ताप, सोमवारी माझा भाऊ गेला.' बायका हळहळल्या. वैभवी नावाची तिची कमिटीतली मैत्रीण तर म्हणाली, नर्स असून असं? आणि धम्मशीला म्हणाली होती, तेच तर. तेव्हापासून ती ते वाक्य म्हणत होती. रोज म्हणायला लागायचं. एखादा दिवस म्हटलं नाही तर रात्री छातीत धडधडायचं.

"मारिसेल," ती आता म्हणाली, आणि आवाज एकदम खाली आला. "ज्याने तो गेला तेच त्याच्या फोटोपुढे ठेवणार आहेस का तू?"

सुरी थांबली.

"ताई, प्लीज," प्रज्ञेश पुटपुटला.

"प्लीज काय? तू फोनवर माझ्याशी काय बोलतोस ते बोल ना इथे. तू पण म्हणालास ना, वहिनीने असं करायला नको होतं?"

प्रज्ञेश लाल झाला. तो खरंच म्हणाला होता. ताईच्या फोनवर 'हो ना', वहिनीच्या फोनवर 'जाऊ दे ना'. चाळीस दिवस दोन्ही दगडांवर पाय ठेवून आता बिचारा दोघींच्या मधोमध उभा होता.

"हे बघ, हे अजून इथेच आहे." धम्मशीला फ्रिजपाशी गेली. हॉस्पिटलने दिलेला कागद मॅग्नेटखाली तसाच होता, काय खायचं नाही त्याची यादी. तिने बोट ठेवलं. "रॉ फिश. पहिल्याच ओळीत. हा कागद रोज तुझ्या डोळ्यांसमोर होता. आणि तू त्याला…"

"स्टॉप इट, आत्या!"

जिन्यावरून ईरा खाली आली होती. राजेंद्रची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची, लेस्टरला फार्मसी शिकणारी, मराठी तोडकंमोडकं. ओले केस, अंगात पांढरा कुडता, डोळे आधीच सुजलेले.

"तुला काय माहिती नाही. तू रोज लोकांना सांगते. माझ्या फ्रेंडचा मम्मीला पण सांगितला तू. मॉमनी काही केला नाही!"

"ईरा," मारिसेल म्हणाली. "नको. तुझ्या बाबाला प्रॉमिस…"

"बाबा नाही आहे आता!"

आणि तेव्हा मागच्या दारापासून सिंधुबाई बोलली. हातातला लसूण तिने खाली ठेवला होता.

"त्या दिवशी पातेलं गॅसवर होतं."

सगळे वळले.

"बुधवारी. मी इथंच बसलेली. तिनं मासा उकळत्या पाण्यात घातला, चांगला शिजवला. मग गार करून त्याच्यावर व्हिनेगर घातलं, कांदा घातला. मी डोळ्यांनी पाहिलं, धम्मा. तो मासा कच्चा नव्हता."

बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन चालू होतं.

मारिसेलने हात धुतले, नॅपकिनला पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिली. "मी नर्स आहे, ताई. त्याच्या पांढऱ्या पेशी शून्यावर होत्या. मी त्याला कच्चं कसं देणार? पण तो तीन दिवस मागत होता. 'मारी, एकदाच. आपण वेल्सला बीचवर खायचो तसं.' तो गळाने मॅकरेल काढायचा आणि माझ्या बॅगमध्ये व्हिनेगरची बाटली असायची. तिथल्या तिथे करायचो. म्हणून मी उकळलं आणि त्याला सांगितलं, घे, किनिलाव. त्याने एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाला, 'शिजवलंस का?' मी म्हणाले, नाही. चोवीस वर्षांत मी त्याच्याशी खोटं बोलले नव्हते. तेव्हा बोलले. त्याला कळलं होतं. तरी त्याने सगळं संपवलं आणि थँक यू म्हणाला. शेवटचं मागितलेलं पण मी त्याला खरं दिलं नाही. म्हणून आज करते. आज त्याला काही होणार नाही ना आता."

"वहिनी, सॉरी," प्रज्ञेश म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "आय अ‍ॅम सो सॉरी."

धम्मशीलाचं बोट अजून त्या कागदावरच होतं. ते उचलायचं भान तिला राहिलं नव्हतं, आणि नजर आपोआप बोटाखालच्या ओळींवरून घसरली. कच्चा मासा. कच्ची अंडी. न पाश्चराइझ केलेलं चीज. न धुतलेल्या पालेभाज्या, सॅलड, हर्ब्ज.

तो मंगळवार तिला आठवला, म्हणजे तो ती कधी विसरलीच नव्हती. मारिसेल ड्यूटीवर होती. राजेंद्रने आदल्या दिवशी फोन केला होता, 'ताई, तोंडाला चवच नाही गं कशाची. तुझ्या मेथीचा घोळाणा आण ना.' ती पहाटे अलॉटमेंटवर गेली, दव असतानाच मेथी खुडली. धुतलेल्या पानांना पाणी सुटतं आणि घोळाणा चिवट होतो, म्हणून आई कोरड्या फडक्याने नुसती पुसून घ्यायची. तिनेही तशीच पुसली. मुळांपाशी काळी माती होती, ती झटकली. इथे येऊन कालवला. राजेंद्र वाटी चाटूनपुसून खाताना तिने हाच कागद वाचला होता, आणि तिच्या मनालासुद्धा शिवलं नाही. सॅलड म्हणजे लेट्यूस. हर्ब्ज म्हणजे ते पार्सली वगैरे. मेथीला त्यांच्या घरात कुणी कधी कच्चं म्हटलं नव्हतं. घोळाणा हा घोळाणा होता, आईच्या हातचा.

स्वयंपाकघरात तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. तिने मारिसेलकडे पाहिलं, मारिसेलने नजर कांद्याकडे वळवली. आईने लसूण पुन्हा हातात घेतला. अरे देवा, तिच्या मनात आलं, आणि जन्मात न उच्चारलेला तो शब्द मनात आल्याचंही तिला नवल वाटलं नाही. यांना माहीत आहे. या दोघींना सगळं माहीत आहे.

ती मागचं दार उघडून बागेत गेली. पर्स अजून खांद्यालाच होती.

थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. सिंधुबाई दोन पायऱ्या उतरून आली आणि बाकावर लेकीच्या शेजारी बसली.

"तिला कधीपासून माहितीये?" धम्मशीलाने विचारलं.

"शनिवारपासून. अँब्युलन्समध्ये तिनं त्याला विचारलं, काय काय खाल्लंस. त्यानं सांगितलं. आणि तिच्याकडून वचन घेतलं, ताईला कळता कामा नये. ती एवढ्या मायेनं घेऊन आली होती म्हणाला."

"डॉक्टरांना सांगितलं तिने?"

"सांगितलं तर. ते म्हणाले, कशानंही झालं असेल. त्याच्या स्वतःच्या पोटातल्या जंतूंनीसुद्धा. आता कधी कळायचं नाही म्हणाले."

"कधीच?"

"नाही."

धम्मशीलाने ओठ चावले. दोषी ठरली असती तर निदान एका बाजूला झाली असती. आता जन्मभर तिला कुणी हो म्हणणार नव्हतं आणि नाहीही म्हणणार नव्हतं.

"आणि तू?" ती एकदम आईवर उसळली. "तू पाच आठवडे माझ्या घरात होतीस! मी फोनवर काय बोलते ते तुझ्या कानावर पडत होतं. तो मासा शिजवलेला होता हे तुला माहीत होतं. मला थांबवलं का नाहीस? एक शब्द बोलली असतीस!"

"बोलले असते तर तू पुढं विचारलं असतंस ना, मग कशानं? तू सोडणारी आहेस का?" सिंधुबाईने काठी दोन्ही हातांनी धरली होती. "एक लेकरू गेलं. दुसरं जिवंतपणी कुठं ढकलू? मला वाटलं, ती परक्या घरची पोर. तिला चार दिवस बोल लागेल, सोसेल ती. माझी सोसायची नाही. असा विचार केला मी. ज्या पोरीनं तीन महिने मला अंघोळ घातली, तिच्याबद्दल असा विचार केला. लाज वाटते गं मला. आणि कूट कुणी केलं होतं त्या दिवशी? मीच दाणे भाजले. मीच म्हटलं, धुऊ नकोस, पाणी सुटेल."

धम्मशीलाला ते आठवत नव्हतं. आईने खरंच म्हटलं होतं, की लेकीचं ओझं निम्मं करायला आत्ता म्हणत होती, हे तिला कळेना. तिने विचारलं नाही.

पावणेबाराला लोक यायला लागले. सप्टेंबरचं निर्मळ ऊन होतं, गाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लागल्या. बाहेरच्या खोलीत बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली राजेंद्रचा, वेल्सच्या किनाऱ्यावर हातात मॅकरेल घेऊन दात काढून हसणारा. मारिसेल ताट घेऊन आली आणि उंबऱ्याशीच अडली. काचेच्या वाटीत किनिलाव, वरून नारळाचं दूध. चाळीसएक माणसं बसली होती, आणि त्यांतल्या निम्म्यांना हा मासा म्हणजे काय ते धम्मशीलाने फोनवरून शिकवून ठेवलं होतं. वैभवीने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. मारिसेलचा पाय पुढे पडेना.

सिंधुबाई उठली. तिने सुनेच्या हातातलं ताट घेतलं.

"आई," धम्मशीला सवयीने म्हणाली.

"नागपूरला प्रतिज्ञा मी घेतलीय," म्हातारी तिच्याकडे न बघता म्हणाली. "पंधरा वर्षांची होते. काय मोडायचं ते माझं मी मोडते."

तिने ताट फोटोपुढे ठेवलं. ना हात जोडले, ना काही पुटपुटली. ठेवलं आणि सुनेचा हात धरून आपल्या शेजारी बसवलं.

तेवढ्यात ईरा स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात स्टीलचा डबा होता. पोरीला माशाचं सगळं ठाऊक होतं, मंगळवारचं कुणी सांगितलेलं नव्हतं. "हे पण बाबाचा फेव्हरेट होता ना, आत्या?" तिने हळूच विचारलं आणि चमच्याने घोळाण्याचा एक छोटा ढीग किनिलावच्या शेजारी ठेवला. मग बापाच्या फोटोकडे बघून ती हसली, चाळीस दिवसांत पहिल्यांदा.

धम्मशीला त्या ताटाकडे बघत राहिली. हिरवी मेथी आणि पांढरा मासा. खोलीतले लोक माशाकडे बघून तोंडं वाकडी करत होते. मेथीकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

त्रिशरण, पंचशील झालं. बौद्धाचार्य उदय यांनी सुत्तपठण केलं आणि मग मोठ्या बहिणीला चार शब्द बोलायला सांगितलं. धम्मशीलाच्या पर्समध्ये दोन पानांचं भाषण होतं. परंपरा आणि अंधश्रद्धा यांवर एक अख्खा परिच्छेद. ती उठली. कागद काढला नाही.

"राजेंद्रबद्दल तुम्ही सगळे बोलालच," ती म्हणाली. "मला दुसरं बोलायचंय. तुमच्यातल्या पुष्कळांना मी फोन केला होता. सांगितलं होतं की मारिसेलने त्याला कच्चा मासा दिला आणि त्याने तो गेला. ते खोटं आहे. मासा तिने शिजवून दिला होता. त्याचं मन मोडून, त्याचा जीव वाचावा म्हणून."

प्रज्ञेशने मान वर केली.

"कच्चं त्याला मी दिलं. त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी. माझ्या शेतातली मेथी, न धुतलेली. फ्रिजवर कागद होता, मी तो वाचला, आणि तरी दिली. त्याने तो गेला का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. पण दिली मी. मारिसेलला हे माहीत होतं, आणि मी तिला गावभर बदनाम करत असताना तिने तोंडातून शब्द काढला नाही." तिने खोलीभर नजर फिरवली. "एवढंच. ज्यांना ज्यांना फोन केला त्यांनी हे पुढे सांगावं. पहिलं जसं सांगितलंत तसंच."

ती बसली. कुणीतरी खोकलं. उदय यांनी पुढच्या माणसाचं नाव घेतलं. ईराने चेहरा दोन्ही हातांत लपवला होता. खांदे हलत होते, पण आत्याला तिच्याजवळ जायची हिंमत झाली नाही.

जेवणं झाली. टेबलावर पुलाव, चिकन, डाळ, त्यांच्या शेजारी किनिलावचं भांडं आणि त्याच्या शेजारी उघडा डबा. लोक ओळीने पुढे सरकत होते. प्रज्ञेशने सगळ्यांत आधी किनिलाव घेतलं, मग एकेकाने चमचा चमचा घेतलं, वैभवीने तर दोनदा. 'छान लागतंय हो, कोकमाच्या कढीसारखं आंबट,' असं कुणी म्हणालं. भांड्याचा तळ दिसला. डब्यापाशी मात्र प्रत्येक हात किंचित थांबायचा आणि पुढे जायचा. फार सभ्य माणसं होती सगळी.

निघताना धम्मशीला स्वयंपाकघरात गेली. मारिसेल काचेचं भांडं विसळत होती.

"बोललात ते बरं झालं, ताई," ती पाठमोरीच म्हणाली. "थँक यू. पण मला राग आहे. अजून."

"असू दे."

"खूप दिवस राहील."

"राहू दे," धम्मशीला म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिने झाकण लावून डबा उचलला. अजून गच्च भरलेला होता.

परतीच्या वाटेवर एम-फॉर्टीला गर्दी होती. सिंधुबाई शेजारच्या सीटवर, डबा तिच्या मांडीवर. धम्मशीला समोर बघून गाडी चालवत होती. घरी गेल्यावर तो डबा कसा रिकामा करायचा, याचाच विचार तिच्या डोक्यात फिरत होता. बिनमध्ये ओतायचा? की अलॉटमेंटवर पुरायचा? आणि तिथे अजून दोन वाफे मेथी उभी होती, त्यांचं काय?

झाकण उघडल्याचा आवाज आला.

"आई, काय करतेयस?"

सिंधुबाईने चिमूटभर घोळाणा तोंडात टाकला. मग मूठभर. दुपारपासून ठेवून पानांना पाणी सुटलं होतं, ते तिच्या बोटांवरून पातळावर ओघळत होतं. दात उरले होते पाच-सहा, मेथी चावली जात नव्हती. ती घोळवून घोळवून गिळत होती. डोळ्यांना धार लागली होती, ती पुसायलाही तिने हात थांबवला नाही.

"आई, पुरे. नको खाऊस. आई, ऐक माझं!"

"गप बस," म्हातारी भरल्या तोंडाने म्हणाली. "तू गाडी चालव."

हॅरोचं वळण येईपर्यंत तिने डबा बोटांनी निपटून स्वच्छ केला आणि वर झाकण लावलं.